आज शर्यत नाही!

दोस्तांनो, क्रिकेटचा सामना पावसाने थांबला की आपला किती विरस होतो! मैदानावर कव्हर पसरतात, पंच छत्री घेऊन फेरी मारतात, आणि आपण टीव्हीसमोर बसून आभाळाला नावं ठेवतो. आता अशी कल्पना करा, की मैदान सपाट नाहीच. ते डोंगराच्या उतारावर आहे, चांगलं तीन किलोमीटर लांब. त्याच्यावर कव्हर घालायची सोय नाही. आणि गंमत पाहा, ज्या बर्फावर खेळायचं तोच आभाळातून भरभरून पडायला लागला, की खेळ थांबतो!

हा खेळ म्हणजे अल्पाइन स्कीइंग. पायांना दोन लांब पट्ट्या अडकवायच्या आणि बर्फाळ उतारावरून रोवलेल्या झेंड्यांमधून वाट काढत खाली यायचं. आल्प्स पर्वतावरून त्याला हे नाव पडलं. त्यातली सर्वांत वेगवान शर्यत डाउनहिल. डाउनहिलमध्ये ताशी शंभर किलोमीटरचा वेग ही नेहमीचीच गोष्ट. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनच्या उतारावर फ्रान्सच्या योहान क्लारेने ताशी १६१ किलोमीटरच्या वर वेग गाठला होता. आपली एक्स्प्रेस गाडीसुद्धा एवढी पळत नाही, आणि इथे तर भोवती डबा नाही, डोक्यावर फक्त हेल्मेट!

आपण जिंकणाऱ्यांच्या गोष्टी नेहमी वाचतो. आज मात्र अशा लोकांकडे पाहू या, ज्यांना पदक मिळत नाही. ते असतात शर्यत भरवणारे. त्यांच्या कामातली सगळ्यांत अवघड गोष्ट कोणती, माहीत आहे? हजारो प्रेक्षक आलेत, टीव्हीचे कॅमेरे लागलेत, खेळाडू पट्ट्या बांधून तयार आहेत, आणि अशा वेळी ‘आज शर्यत नाही’ असं सांगणं!

१९९८ च्या फेब्रुवारीत जपानमधल्या नागानो इथे हिवाळी ऑलिम्पिक होतं. डाउनहिलची शर्यत हाकुबा गावाजवळच्या हाप्पोओने या डोंगरावर व्हायची होती. पुरुषांच्या डाउनहिलची तारीख होती ८ फेब्रुवारी. पण हवामानाने जणू पैजच लावली होती. कधी जोरदार बर्फ, कधी धुकं, कधी वारा, आणि भरीस भर म्हणून पाऊससुद्धा! शर्यत पुढे ढकलली. पुन्हा ढकलली. खेळाडू पहाटे उठायचे, तयारी करायचे आणि निरोप ऐकून परत खोलीवर जायचे. परीक्षेचा अभ्यास करून शाळेत जावं आणि फाटकावरच कळावं, की पेपर उद्या आहे. असं रोज झालं तर काय होईल? अगदी तसं.

तुम्ही म्हणाल, बर्फ जास्त पडला तर उलट बरंच की! नाही हं. ताजा बर्फ दिसायला कापसासारखा सुंदर, पण शर्यतीचा तो शत्रू. तो असतो भुसभुशीत. पहिला खेळाडू गेला की त्यात चर पडतो, दहावा गेला की खड्डा होतो, आणि तिसाव्याच्या वाट्याला नांगरलेलं शेत येतं. मग ती शर्यत बरोबरीची कशी राहील? म्हणून शर्यतीचा मार्ग दगडासारखा घट्ट करतात. कित्येकदा बारीक तोट्यांच्या नळीने बर्फाच्या आत पाणी सोडतात. ते रात्रीच्या थंडीत गोठलं, की मार्ग टणक होतो. या टणक थरावर रात्रीतून हातभर ताजा बर्फ साचला, तर तो सगळा पहाटेच्या आत बाजूला काढावा लागतो. मोठ्या उतारावर यंत्रं चालतात, पण फार चढ असेल तिथे माणसंच लागतात. ती पायात स्की घालून, आडवी होऊन, एकामागून एक घसरत बर्फ खाली लोटत जातात. नागानोला या कामात स्वयंसेवकांच्या जोडीला जपानच्या संरक्षण दलाचे जवान होते. रात्रभर राबून त्यांनी मार्ग साफ करावा आणि सकाळी पुन्हा बर्फ पडावा! सैनिक झाले म्हणून काय, त्यांनाही वैताग आला असेलच ना?

बर्फ मऊ पडला, तर दुसरी युक्ती असते मिठाची. तुमच्या घरी कधी पॉटचं आइस्क्रीम केलंय? आजीला विचारा. पॉटच्या भोवती बर्फ भरतात आणि त्यात खडेमीठ टाकतात. मिठामुळे बर्फ वितळू लागतो, पण वितळताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, आणि आतलं दूध गोठतं. स्कीच्या मार्गावरही हेच होतं. मीठ टाकलं की वरचा थोडा बर्फ वितळतो, खालचा थंड होतो, आणि तेच पाणी झिरपून पुन्हा गोठतं. थोड्या वेळाने मार्ग कडक! मात्र हा परिणाम फार वेळ टिकत नाही, म्हणून मीठ कधी टाकायचं याचा नेमका अंदाज लागतो.

धुक्यावर मात्र कुणाकडेच तोडगा नाही. ढगाळ उजेडात पांढऱ्यावर पांढरं, उंचवटा कुठे नि खळगा कुठे, काही कळत नाही. म्हणून मार्गावर निळा रंग मारतात. पूर्वी पाइनच्या डहाळ्या आणि सुयांसारखी पानं पसरायचे. पण धुकं दाट झालं की निळा रंगही दिसत नाही. शिवाय एखादा खेळाडू पडला, तर त्याला उचलून न्यायला हेलिकॉप्टर लागतं, आणि ते धुक्यात उडणार कसं? वाऱ्याचं तर विचारूच नका. उडी मारून हवेत असलेल्या खेळाडूला बाजूचा झोत लागला, तर तो थेट जाळीवर!

मग निर्णय कोण घेतं? ते काम पंचमंडळाचं. त्यात आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा तांत्रिक प्रतिनिधी असतो, रेफरी असतो आणि यजमानांचा शर्यतप्रमुख असतो. ते पहाटे स्वतः मार्गावरून उतरतात, वरच्या-खालच्या माणसांशी वायरलेसवर बोलतात. आणखी एक नियम त्यांना बांधून ठेवतो. डाउनहिलच्या आधी त्याच मार्गावर निदान एकदा तरी अधिकृत सराव झालाच पाहिजे. म्हणजे हवामानाने सरावाचे दिवस खाल्ले, तर शर्यतीच्या दिवशी लख्ख ऊन पडूनही उपयोग नाही!

नागानोचे दिवस असे सरकत गेले आणि वेळापत्रकाचा पार खिचडा झाला. महिलांची सुपर-जी शर्यत १० तारखेची ११ ला गेली. ती अमेरिकेच्या पिकाबो स्ट्रीटने जिंकली, अवघ्या एक शतांश सेकंदाने! ताशी शंभराचा वेग धरला, तर एक शतांश सेकंदात माणूस सुमारे २८ सेंटिमीटर जातो. तुमच्या दप्तरातली मोठी पट्टी ३० सेंटिमीटरची असते. जिथे पट्टीपेक्षाही कमी अंतराने सोनं आणि रुपं ठरतं, तिथे एकीला वारा पाठीमागून आणि दुसरीला समोरून मिळून कसं चालेल?

अखेर १३ फेब्रुवारीला आभाळ उघडलं. त्या दिवशी शुक्रवार होता. पाश्चात्त्य लोक तेरा तारखेच्या शुक्रवाराला अशुभ मानतात, पण संयोजकांना शुभ-अशुभ बघायला सवड कुठली! पुरुषांची डाउनहिल झाली, आणि संयुक्त स्पर्धेतली डाउनहिलही त्याच दिवशी उरकली. संयुक्त स्पर्धा तिथेच संपली, आणि नॉर्वेच्या लासे च्यूसने एकाच दिवसात दोन रौप्यपदकं घेतली.

त्याच शर्यतीत ऑस्ट्रियाचा हर्मान मायर होता. आधी गवंडीकाम करणारा हा गडी त्या वर्षी सगळ्यांना भारी पडत होता. एका वळणावर तो इतक्या वेगात आला, की हवेतच उचलला गेला, डोक्यावर आपटला आणि संरक्षक जाळ्यांची दोन कुंपणं पार करून पलीकडे जाऊन पडला. बघणाऱ्यांचा श्वास अडकला. आणि मायर उठला, चालूही लागला! तीन दिवसांनी त्याने सुपर-जीचं सुवर्ण जिंकलं, आणखी तीन दिवसांनी जायंट स्लॅलमचं. डाउनहिल फ्रान्सच्या जाँ-लुक क्रेतिएने जिंकली, पण लोकांच्या लक्षात राहिली ती मायरची उडी. मला मात्र त्या जाळ्या आठवतात. लख्ख उन्हात, पाच दिवस थांबून केलेल्या शर्यतीतही असा अपघात होतो. मग धुक्यात घाई केली असती तर? जाळ्या लावणाऱ्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत.

हे झालं जास्त बर्फाचं. पण बर्फ पडलाच नाही तर?

१९६४ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला हीच पाळी आली. आल्प्सच्या कुशीतलं गाव, ऑलिम्पिक दारात, आणि बर्फाचा पत्ता नाही! मग ऑस्ट्रियाच्या सैन्याला बोलावलं. जवानांनी उंच डोंगरांवरून सुमारे ४०,००० घनमीटर बर्फ स्कीच्या उतारांवर आणून टाकला, आणि घसरगाड्यांच्या मार्गासाठी २०,००० लाद्या वाहून आणल्या. हाता-पायांनी तो बर्फ चोपून बसवला. शर्यती झाल्या. पण त्याआधी डाउनहिलच्या सरावात ऑस्ट्रेलियाचा रॉस मिल्न मार्गाबाहेर फेकला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. तो फक्त १९ वर्षांचा होता. या खेळात ‘थांबा’ म्हणणारा माणूस का लागतो, हे यावरून कळतं.

याच डाउनहिलमध्ये भारताकडूनही एकजण उतरला होता, बरं का! जेरेमी बुजाकोव्स्की त्याचं नाव. हिवाळी ऑलिम्पिकमधला तो पहिला भारतीय खेळाडू. शर्यत पूर्ण करणं त्याला जमलं नाही, पण भारताचं नाव तिथे पहिल्यांदा लागलं.

स्पेनमधल्या सिएरा नेवादाची गोष्ट तर आणखी वेगळी. १९९५ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिथे ठरली होती. बर्फच नाही म्हणून ती एका दिवसाने नाही, एका आठवड्याने नाही, तर अख्ख्या वर्षाने पुढे गेली आणि १९९६ मध्ये झाली! कृत्रिम बर्फाची यंत्रं असतात ना, असं कुणी म्हणेल. असतात. ती पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवतात आणि ते गोठून खाली पडतात. पण ते गोठायला हवा थंड आणि कोरडी लागते. थंडीच नसेल तर यंत्र म्हणजे नुसतं कारंजं.

आणि आता सगळ्यांत विचित्र किस्सा. मॅटरहॉर्न शिखराजवळ एक डाउनहिल आखली गेली, जी सुरू व्हायची स्वित्झर्लंडमध्ये आणि संपायची इटलीत! स्कीवरून दोन देशांची सीमा ओलांडायची. कल्पना झकासच होती. २०२२ मध्ये पुरुषांच्या दोन आणि महिलांच्या दोन अशा चार शर्यती ठरल्या. बर्फ पुरेसा नव्हता म्हणून चारही रद्द. २०२३ मध्ये पुन्हा चार. या वेळी बर्फ इतका पडला आणि वारा असा सुटला, की त्याही चारही रद्द! दोन वर्षांत आठ शर्यती ठरल्या, झाली एकही नाही. शिवाय २०२३ मध्ये मार्गासाठी हिमनदीवर खोदयंत्रं चालवल्याचे फोटो छापून आले आणि मोठी टीका झाली. मला विचाराल, तर ती टीका रास्तच होती. आल्प्समधल्या हिमनद्या आधीच वितळताहेत, त्यांना खोदून शर्यत करायची म्हणजे फांदीवर बसून तीच फांदी तोडण्यासारखं. पुढे ही शर्यत कार्यक्रमातून काढूनच टाकली.

आता थोडं आपल्याजवळ येऊ या. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अल्पाइन स्कीइंगचे उतार जवळजवळ पूर्ण कृत्रिम बर्फाचे होते, कारण तिथला डोंगर कोरडा. पुरुषांची डाउनहिल वाऱ्यामुळे एक दिवस पुढे गेली. आणि १३ फेब्रुवारीला, जायंट स्लॅलमच्या दिवशी, खरा बर्फ असा कोसळायला लागला की पुढचा झेंडा दिसेना! कितीतरी नामांकित खेळाडू मार्गाबाहेर गेले. पंचमंडळाने शर्यत रद्द केली नाही, पण दुसरी फेरी उशिरा सुरू केली. त्या बर्फात काश्मीरचा आरिफ खान उतरला. भारताकडून बीजिंगला गेलेला तो एकटाच खेळाडू. त्याने दोन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या आणि ४५ वा आला. आकडा लहान वाटत असेल, तर त्या दिवशी खाली पोचूच न शकलेल्यांची यादी बघा!

आरिफ लहानपणी स्कीइंग शिकला तो गुलमर्गच्या उतारांवर. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा भरायच्या होत्या. देशभरातले खेळाडू तयारीत होते. तारीख ठरली होती २२ फेब्रुवारी. पण उतारावर पुरेसा बर्फच नव्हता. संयोजकांनी सगळ्यांना कळवलं, की स्पर्धा पुढे ढकलली आहे, पुढची तारीख बर्फ बघून सांगू. महिन्याच्या शेवटी आभाळ भरून आलं आणि भरपूर बर्फ पडला. मग ९ मार्चला गुलमर्गला झेंडे रोवले गेले.