बॅकअप चार जीबीवर का अडतो?

खातेवहीची जागा संगणकाने घेतली, तरी हिशेब सांभाळण्याची जबाबदारी व्यापाऱ्याचीच राहिली आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणून बरेच व्यापारी बांधव रोज रात्री दुकानाचा हिशेब आणि मालाचे फोटो झिप करून दुसऱ्या जागी पाठवतात. कोणी घरच्या राउटरला लावलेल्या पेनड्राइव्हवर पाठवतो, तर कोणी इंटरनेटवर भाड्याने घेतलेल्या जागेत. काही वर्षे काम सुरळीत चालते आणि एके रात्री फाइल अर्धवट राहते. पाहावे तर पेनड्राइव्ह निम्मी रिकामी!

अशा वेळी नवी पेनड्राइव्ह आणण्याची घाई करू नये, असे आम्ही सुचवू. आधी अर्धवट फाइल किती वाढून थांबली ते पाहावे. ती चार जीबीला टेकून थांबली असेल तर दोष जागेचा नाही. पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असतात आणि त्या पद्धतीत चार जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही. झिपच्या जुन्या पद्धतीलाही हीच मर्यादा होती. २००१ साली आलेल्या झिप६४ ने ती दूर केली, पण जुने सॉफ्टवेअर अजूनही तिथेच अडते.

फाइल दुसऱ्याच आकड्यावर थांबत असेल, तर झिप जिथे तयार होते त्या डिस्कवर जागा आहे का ते तपासावे. मग साठा देणाऱ्या कंपनीचा नियम पाहावा. ॲमेझॉनच्या एस३ मध्ये एका खेपेत पाच जीबीपर्यंतच फाइल चढते. मोठी फाइल तुकड्यांनी चढवावी लागते. जीमेलला तर २५ एमबीपलीकडे फाइल जोडता येत नाही.

झिप केल्याने सारे लहान होईल, हा भरवसाही नको. हिशेबाची फाइल चांगली दबते; पण साड्यांचे जेपीजी फोटो आधीच दाबलेले असल्याने फारसे घटत नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळा काढावा.

दारातून न जाणारी गाठ आपण खोलून दोन गाठी बांधतो. इथेही तोच उपाय आहे. सेव्हन-झिप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइलचे भाग पाडण्याची सोय आहे. त्यात फॅटसाठी ४०९२ एमबीचे माप तयारच मिळते. त्याखालचे डीव्हीडीचे ४४८० एमबीचे माप मात्र घेऊ नये, ते चार जीबीच्या वर जाते. पेनड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करून एक्सफॅट पद्धतीची करता येते, पण त्यात आतला सारा माल पुसला जातो. तो आधी दुसरीकडे उतरवून घ्यावा.

भाग पाडल्यावर एकही भाग हरवून चालत नाही. महिन्यातून एकदा सर्व भाग दुसऱ्या संगणकावर एकत्र आणून फाइल उलगडावी आणि दोन-चार जुनी बिले उघडून पाहावीत. बिले उघडली, तरच बॅकअप झाला असे धरावे.