वारस-नोंद आणि लेकीचें नांव

शेतकऱ्याच्या घरांतील कर्ता पुरुष निवर्तला म्हणजे दिवसकार्य आटोपतांच वारस-नोंदीचें काम निघतें. महसूल दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें अशा अर्जांचा आम्हांस बराच परिचय आहे. विधवेचें व मुलग्यांचें नांव त्यांत हटकून असतें; सासरीं नांदणाऱ्या लेकीचें मात्र पुष्कळदां गाळलेलें आढळतें, किंवा कबजेदार सदरीं न घालतां 'इतर हक्कां'त ढकललेलें असतें. "लग्नांत दिलें तें पुरें," असें भाऊ म्हणतात. कायदा मात्र आतां तसें म्हणत नाहीं.

१९५६ च्या हिंदु उत्तराधिकार अधिनियमानें मुलीस बापाच्या हिश्शांत वारसा मिळाला. परंतु वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत जन्मसिद्ध हक्क मुलग्यांसच राहिला. महाराष्ट्रानें १९९४ सालीं तो मुलींसहि दिला, पण त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलांत आलेल्या मध्यवर्ती दुरुस्तीनें हा भेद मोडला. मुलगी विवाहित असो वा अविवाहित, ती मुलग्याप्रमाणेंच जन्मतः सहहिस्सेदार ठरली. त्या तारखेस बाप हयात असलाच पाहिजे काय, या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला: तशी आवश्यकता नाहीं. २० डिसेंबर २००४ पूर्वीं नोंदणीकृत दस्तानें अगर न्यायालयाच्या हुकुमानाम्यानें झालेली वाटप मात्र अबाधित आहे. नुसत्या तोंडी वाटणीवर भिस्त ठेवणारांनीं सावध असावें. सरकारी कागदांचा भक्कम आधार नसल्यास ती सहसा टिकत नाहीं. हा कायदा हिंदु, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांस लागू आहे. अनुसूचित जमातींस सामान्यतः नाहीं.

कोणी म्हणेल, फेरफार मंजूर झाला म्हणजे काम झालें. हा भ्रम आहे. फेरफाराची नोंद सारावसुलीच्या सोयीसाठीं असते. तिनें मालकी उत्पन्न होत नाहीं आणि गाळलेल्या वारसाचा हक्कहि बुडत नाहीं. पुढें शेतांतून रस्ता गेला, मोबदल्याची रक्कम आली, कीं बहीण हरकत घेते. मग रक्कम अडकते, दावा वर्षानुवर्षें चालतो, आणि राखी-भाऊबीजेचा उंबरठा कायमचा बंद होतो. जमिनीच्या तुकड्यापेक्षां हें नुकसान मोठें होय.

म्हणून कर्तव्य सरळ आहे. मृत्यूनंतर ३ महिन्यांचे आंत तलाठी कचेरींत वर्दी द्यावी, व तींत सर्व वारस, मुलींसह, खरे लिहावे. प्रतिज्ञापत्रांत वारस लपविणें हा गुन्हा आहे. बहिणीस आपण होऊन हिस्सा सोडावयाचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावें. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा घेऊं नये. भगिनींनींहि नोटीस आल्यास ती वाचून घ्यावी व हरकत असल्यास १५ दिवसांचे आंत लेखी द्यावी.

असो. ज्या घरीं वडील हयात आहेत, त्यांनीं लेकी-लेकांस एकत्र बसवून हा विषय आजच बोलून टाकावा, एवढीच आमची विनंति.