सहलीच्या दिवशी आईलाही सुट्टी हवी
बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी : एका दिवसाचे नियोजन

आपली माणसे प्रवासाला भीत नाहीत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत आपण लेकराबाळांसह तासन्‌तास उभे राहतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, असे पदरमोड करून जाणारे उल्हासनगरात घरोघरी आढळतील. ते जाणे अभिवादनासाठी असते, आणि ते झालेच पाहिजे. परंतु घरातील सर्वांनी मिळून एक दिवस केवळ मोकळी हवा खाण्यासाठी, झाडाखाली बसून जेवण्यासाठी बाहेर पडावे, हा विचार आपल्याकडे फार थोड्या घरांत होतो. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "आपल्याला कुठे परवडते?"

हे उत्तर खोटे नाही. कॅम्प नं. ३ मध्ये जीन्सच्या कारखान्यात नगावर काम करणाऱ्याचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. घरकाम करणाऱ्या बाईचीही तीच गत. म्हणूनच एक गोष्ट आठवावी. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. याच काळात, १९४५ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामगारांना पगारी रजेचा हक्क मिळाला. १९४६ च्या दुरुस्तीने त्यांचे आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. विश्रांती ही श्रीमंतांची चैन नसून कष्टकऱ्याचा हक्क आहे, हाच त्यामागचा अर्थ. हा हक्क छोट्या कारखान्यांत अजून पोचला नाही, हे खरे. पण ज्यांना आठवड्याची सुट्टी मिळते, त्यांनी तरी तिचा उपयोग करावा.

जावे कुठे?

आमच्या मते वर्षातून एकदा तरी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जावे. जुनी माणसे त्याला अजूनही 'नॅशनल पार्क' एवढेच म्हणतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई आणि ठाणे यांच्या मध्ये उभे आहे. विहार आणि तुळशी हे मुंबईला पाणी पुरवणारे दोन तलाव याच जंगलात आहेत. येथे बिबटे आहेत, हरणे आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींचे पाडेही आहेत. आणि याच डोंगरात कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. मुलांना खेळ, म्हाताऱ्यांना सावली आणि सर्वांना आपला इतिहास, असे तिन्ही एका दिवसात मिळेल अशी दुसरी जागा आपल्या जवळपास नाही.

दिवस कोणता निवडावा?

पहिली गोष्ट, सोमवारी जाऊ नये. उद्यान आणि लेणी दोन्ही सोमवारी बंद असतात. ज्यांची सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी येते त्यांनी ती वाया घालवू नये. त्या दिवशी गर्दी कमी असते. रविवारी जायचे असेल तर शनिवारचे वर्तमानपत्र पाहून मेगाब्लॉक कुठे आहे ते आधी समजून घ्यावे, नाहीतर अर्धा दिवस फलाटावरच जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. उन्हाळ्यात लेण्यांचा कातळ तापतो. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो, धबधबे वाहतात, पण पायऱ्यांवर शेवाळ असते आणि ओढ्याला अचानक पाणी येते. लहान मुले आणि वयस्क माणसे बरोबर असतील तर पावसाळा टाळावा.

जावे कसे?

उल्हासनगर किंवा विठ्ठलवाडीहून लोकलने दादर, तेथून पश्चिम रेल्वेने बोरिवली, आणि पूर्वेला उतरून चालत किंवा रिक्षाने उद्यानाचे गेट. तिकीट थेट बोरिवलीचे जाता-येता काढावे. ५ वर्षांखालील मुलाला तिकीट नाही आणि १२ वर्षांपर्यंत अर्धे तिकीट, हे लक्षात ठेवावे. कर्जत-बदलापूरकडून येणाऱ्या गाड्या भरून येतात. म्हणून सकाळी लवकर निघावे आणि दादरला कुठे भेटायचे ते मोठ्या मुलांनाही सांगून ठेवावे. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने बोरिवलीला बस जाते. पण त्या रस्त्याच्या वाहतूक कोंडीचा भरवसा नाही.

तिकिटांच्या बाबतीत अनेकांची फसगत होते. उद्यानाच्या गेटवरचे तिकीट वेगळे आणि लेण्यांचे वेगळे. लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तेथे १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत, चढावर आहेत. आत जाण्यासाठी बस असते. परतीची शेवटची बस किती वाजता ते चढतानाच विचारून घ्यावे. म्हणजे गेट, बस आणि लेणी असा तीन ठिकाणी खर्च आहे, तो आधीच धरून चालावे. सगळा खर्च एकदम जड वाटत असेल तर चार-पाच घरांनी मिळून दर महिन्याला थोडी थोडी भिशी टाकावी. सहा महिन्यांत सहलीचे पैसे उभे राहतात आणि कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

डबा कोणी करायचा?

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे सहल म्हणजे पुरुषांना आणि मुलांना सुट्टी, बाईला मात्र दुप्पट काम. पहाटे चारला उठून पाणी भरायचे, वीस चपात्या लाटायच्या, मुलांना तयार करायचे, तेथे गेल्यावर सर्वांना वाढायचे आणि रात्री घरी येऊन भांडी घासायची. मग पुढच्या वेळी तीच म्हणते, "तुम्ही जा, मी घरी थांबते." दोष तिचा नाही.

म्हणून काम आदल्या रात्री वाटून घ्यावे. चपात्या तिने लाटल्या तर भाजी नवऱ्याने चिरावी. अंडी उकडणे, शेंगदाण्याची चटणी कुटणे, पाण्याच्या बाटल्या भरणे ही कामे मुलामुलींनी करावीत, फक्त मुलींनी नव्हे. चार घरे असतील तर एकाने चपाती, दुसऱ्याने सुकी भाजी, तिसऱ्याने भात, असे ठरवावे. पातळ कालवण नेऊ नये, गाडीत सांडते. डबे स्टीलचे न्यावेत. प्लास्टिकच्या पिशव्या उद्यानात नेऊ नयेत. शिवाय पिशवी दिसली की माकडे झडप घालतात. जेवण लेण्यांपाशी न उघडता खाली सावलीत, ठरवून दिलेल्या जागी करावे आणि उष्टे-खरकटे परत डब्यात भरून आणावे.

लेण्यांत काय पाहावे?

कान्हेरी हे नाव 'कृष्णगिरी' म्हणजे काळा डोंगर यावरून आले. काळ्या कातळात शंभरावर लेणी कोरलेली आहेत. सगळी पाहण्याचा हट्ट धरू नये. मुले दमतात. चार गोष्टी नीट दाखवाव्यात. लेणे क्र. ३ हे मोठे चैत्यगृह. आत स्तूप आहे आणि व्हरांड्याच्या दोन टोकांना तथागतांच्या सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या मूर्ती आहेत. लेणे क्र. ११ मध्ये जमिनीवर दोन लांब दगडी बाके कोरली आहेत. क्र. ४१ मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. आणि चौथी गोष्ट म्हणजे पाणी. जवळपास प्रत्येक विहाराशेजारी कातळात कोरलेले टाके दिसेल. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी चरांतून टाक्यांत आणायचे आणि वर्षभर वापरायचे, अशी ही व्यवस्था होती. ज्या वस्तीत नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहावी लागते, तेथल्या मुलांना हे समजावून सांगायला वेळ लागत नाही.

ही लेणी एकट्या राजांनी कोरवली नाहीत. तेथील ब्राह्मी शिलालेखांत व्यापारी, कारागीर, भिक्षुणी आणि गृहिणी यांच्या दानांची नोंद आहे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील या लेखांत कल्याणचे नाव वारंवार येते. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिले. कल्याणच्याच एका लोहाराचे दानही तेथे नोंदलेले आहे. ज्या कल्याणला आपण रोज गाडी बदलतो, तेथल्या हातावर काम करणाऱ्या माणसांची ही नावे आहेत. मुलांना हे अवश्य सांगावे. राजांची नावे पुस्तकात मिळतात, लोहाराचे नाव दगडावर येथे मिळते.

लेणे क्र. ९० मध्ये इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी भाषेत आपली नावे कोरली आहेत. मुलांना याची गंमत वाटेल. पण आज दगडावर नाव कोरणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही लगेच सांगावे. जो वारसा आपला म्हणून सांगतो, त्याच्यावर आपणच ओरखडे काढायचे नाहीत. स्तूपावर बसून फोटो काढू नये, चैत्यात पादत्राणे आणि आरडाओरड नको. त्रिशरण-पंचशील घ्यायचे असेल तर शांतपणे घ्यावे.

जंगलातही पायवाट सोडू नये, माकडांना खायला घालू नये, अंधार पडण्यापूर्वी गेटबाहेर यावे. आदिवासी पाड्यांतील माणसे म्हणजे प्रेक्षणीय वस्तू नव्हेत. त्यांच्या दारात जाऊन फोटो काढण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी.

संध्याकाळच्या गाडीला गर्दी असणार, सगळे थकलेले असणार, लहानगे झोपेला आलेले असणार. घरी पोचायला रात्र होईल. तेव्हा परत आल्यावर खिचडी कोण टाकणार आणि डबे कोण घासणार, हे सकाळी निघण्याआधीच ठरवून ठेवा. त्या यादीत आईचे नाव नसेल, तरच ती सहल साऱ्या घराची झाली असे समजा.