रॅम्पवरचा पोशाख आणि मोहाडीचा करवतकाठ

रॅम्पवरून चालत येणाऱ्या एखाद्या तरुणीच्या अंगावरील अवाढव्य, टोकदार, कधी लाकडाचा तर कधी धातूचा पोशाख दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसला, की भंडारा जिल्ह्यातल्या कोणत्याही घरात पहिला आक्षेप ठरलेला असतो : हे नेसून रोवणीला जायचे, की बाजाराला? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. ज्या मुलखात गुडघाभर चिखलात वाकणाऱ्या बाईचे लुगडे हेच वस्त्राच्या टिकाऊपणाचे प्रमाण मानले गेले, आणि ज्या मुलखात मोहाडी तालुक्यातील आंधळगावच्या कोष्ट्यांनी पिढ्यान् पिढ्या कोशाचे वस्त्र विणले, तेथील माणसांना वस्त्राविषयी मत देण्याचा पुरेपूर हक्क आहे. तथापि या आक्षेपाच्या पोटात निरनिराळे गैरसमज एकत्र गुंतलेले आहेत, आणि ते सुटे करून पाहिल्यावाचून निवाडा करणे न्याय्य होणार नाही.

पहिला गैरसमज असा, की वस्त्राचे प्रयोजन नित्य वापर हेच होय आणि आपल्या पूर्वजांनी दुसरे काही जाणले नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. देवपूजेचा मुकटा, लग्नातला शालू, मुंजीतला शेला ही वस्त्रे वर्षातून मोजक्या दिवशी पेटीबाहेर निघत, आणि ती रोज वापरत नाहीत म्हणून ती निरर्थक आहेत असे कोणी म्हटले नाही. खुद्द कोशाचेच उदाहरण घ्यावे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाची माणसे पाखरांपासून, मुंग्यांपासून अळ्यांची राखण करीत त्या वाढवतात. मग कठीण कोश उकळून, त्यांतून मधाच्या रंगाचा धागा काढून तो मागावर चढतो. करवतकाठीच्या लुगड्यात अंग कोशाचे आणि काठ सुताचा, व दोहोंच्या सांध्यावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. हे दात साधण्यासाठी दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालवावे लागतात, आणि प्रत्येक फेऱ्यात एका रंगाचा बाणा दुसऱ्यात अडकवून परत फिरवावा लागतो. नुसते अंग झाकणे हाच हेतू असता, तर एका धोट्याने सरळ काठ विणून कोष्टी दिवस मावळण्यापूर्वी मोकळा झाला असता. दातांची गरज शरीराला नव्हती; ती डोळ्यांना आणि मनाला होती.

दुसरा गैरसमज म्हणजे, रॅम्पवर जे दिसते तेच सर्वांनी परिधान करावे अशी कल्पकाची अपेक्षा असते. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज शिंप्याने १८५८ साली पॅरिसमध्ये आपले वस्त्रगृह उघडले आणि जिवंत स्त्रियांच्या अंगावर पोशाख घालून ते गिऱ्हाइकांना दाखवण्याची चाल रूढ केली; तेव्हाही त्याचे गिऱ्हाईक म्हणजे मूठभर राजघराणी आणि धनिक. आजही एकेका व्यक्तीच्या मापाने हाताने शिवल्या जाणाऱ्या या उच्च वर्गाच्या पोशाखाचे खरेदीदार जगभरात थोडेच आहेत, आणि त्या गृहांची मिळकत अत्तरे, पिशव्या व तयार कपडे यांवर मुख्यतः अवलंबून असते. तयार कपड्यांचे स्वतंत्र दुकान ईव्ह सॅं लोराँ यांनी १९६६ मध्ये पॅरिसच्या सीन नदीच्या डाव्या तीरावर काढले, ते याच दोन व्यवहारांतील अंतर ओळखून. आमच्या झाडीपट्टीतील रसिकाला हे अंतर समजावून सांगण्याची वास्तविक आवश्यकता नसावी. दंडारीत वा रात्रभर चालणाऱ्या नाटकात राजाचा मुकुट शेवटच्या रांगेतून दिसावा म्हणून मोठा केलेला असतो. तो घालून राजाने वखर धरावा असे कोणी सुचवीत नाही. रॅम्प हेही एक रंगपीठच आहे.

तिसरा गैरसमज सर्वांत घट्ट रुतलेला आहे : जे अंगावर वागवता येत नाही ते निरुपयोगी. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी क्रिस्तियाँ दिओर यांनी पॅरिसमध्ये अरुंद कमरेचे, भरघोस घेराचे झगे दाखविले, तेव्हा ब्रिटनमध्ये कापडावर रेशन होते आणि इतक्या कापडाची उधळण पाहून लोक संतप्त झाले. पण थोड्याच वर्षांत तो घेर सामान्य शिंप्यांच्या हाती आला. याहूनही मला महत्त्वाचा वाटतो तो सायप्रसमध्ये जन्मलेल्या हुसेन चालायान यांचा फेब्रुवारी २००० मधील लंडनचा प्रयोग. मंचावर एक बैठकीची खोली मांडलेली. खुर्च्यांची आवरणे काढून मुलींनी ती अंगात घातली, खुर्च्या मिटून त्यांच्या पेट्या झाल्या, आणि अखेरीस एक तरुणी लाकडी मेजाच्या मधोमध उभी राहिली व तिने ते वर ओढताच त्याचा घागरा झाला. तो घागरा कोणी विकत घ्यावा अशी योजनाच नव्हती. ज्यांना युद्धामुळे रातोरात घर सोडावे लागते, त्यांच्या हाती काय उरते, हा प्रश्न तेथे वस्त्राच्या भाषेत मांडला होता. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणापायी ज्यांनी आपली गावे सोडली, दाराच्या चौकटी उखडून गाडीत घातल्या, त्यांना त्या लाकडी घागऱ्याचा अर्थ पॅरिसच्या समीक्षकापेक्षा लवकर उमगेल असे मला खात्रीने वाटते.

म्हणून रॅम्पकडून जबाब मागायचा तो वेगळ्या बाबतीत. तेथे कोशाचे वस्त्र झळकते तेव्हा कल्पकाचे नाव जाहीर होते. मागावर बसलेल्याचे नाव, गावाचे नावसुद्धा, पुष्कळदा कोठेच येत नाही. ही तक्रार रास्त आहे आणि ती मोठ्याने करावी. करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळालेले असूनही बाजारात दातांची नक्षी नुसती छापलेली लुगडी त्याच नावाने खपतात, आणि फसते ते आपलेच गिऱ्हाईक. असे लुगडे हाती आले की काठ उलटून पाहावा : छाप असेल तर मागची बाजू फिकट निघते, तीन धोट्यांनी विणलेले दात दोन्ही अंगांनी सारखेच ठसठशीत दिसतात, आणि सांध्यावर बोट फिरवले तर सुताचा व कोशाचा धागा एकमेकांत अडकल्याची बारीक कंगोरी हाताला लागते.