स्लॅबचे दिवस

‘आज स्लॅब आहे’ एवढं साइटवर म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. पंधरावीस वर्षांपूर्वी या तीन शब्दांत बराच गोंगाट असायचा. धडधडणारा मिक्सर, त्याची लिफ्ट, हातोहात वर जाणारी घमेली, मुकादमाच्या शिव्या, पहिल्या घमेल्याआधी फुटलेला नारळ आणि रात्री उशिरा सगळ्यांना जेवण. आता पहाटे ट्रान्झिट मिक्सरची रांग लागते, पंपाची सोंड वर जाते आणि दहाबारा माणसांत मजला भरून होतो. नारळ मात्र अजून फुटतो.

बांधकामाच्या धंद्याची वाढ मोजताना आपण कोटी आणि चौरस फूट बोलतो. आतली माणसं दिवस बोलतात. ‘तुमची स्लॅब सायकल किती?’ हा त्यांचा खरा प्रश्न. लाकडी बल्ल्या आणि प्लायच्या सेंटरिंगवर एका मजल्याला दोन-तीन आठवडे सहज जायचे. ‘मायवान’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांनी उंच इमारतींत हे काम आठ-दहा दिवसांवर आणलं. यात भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रिटमध्ये ओतले जातात. वीटकाम उरत नाही, गिलावा जवळजवळ उरत नाही. पण या महागड्या साच्यांचा खर्च निघायला तोच मजला पुन्हा पुन्हा यावा लागतो. हिंजवडीपासून ठाण्यापर्यंतचे टॉवर एकाच आईची लेकरं दिसतात, त्यामागे आर्किटेक्टच्या आळसापेक्षा हा हिशेब जास्त आहे. (अशा घरात देवाच्या तसबिरीसाठी खिळा ठोकून पाहा. ड्रिल मशीनवाला बोलवावा लागतो.)

वेगाचं हे वेड नवं नाही. पुण्यात आजही कुठल्याही हलक्या ब्लॉकला ‘सिपोरेक्स’ म्हणतात. कारखान्यात भाग तयार करून साइटवर नुसते जोडायचे, हा ध्यास वाईजवळच्या पसरणीतून आलेल्या बा. ग. शिर्के यांनी आयुष्यभर धरला; ते नाव त्यांच्यामुळेच इथल्या तोंडी बसलं. त्याच्याही आधी, 1903 च्या सुमारास सोलापूरचे वालचंद हिराचंद हे लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागीदारीत ठेकेदारीत उतरले. त्या वाटेनं पुढे 1926 मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. मराठी माणसाला धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांनी निदान या धंद्यापुरतं तरी जपून बोलावं.

अलीकडच्या वेगाला मात्र कायद्याचाही रेटा आहे. 1 मे 2017 पासून रेरा पूर्णपणे लागू झाला. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणं बंधनकारक झालं. एका इमारतीच्या बुकिंगवर दुसरीकडची जमीन घेण्याची जुनी कसरत अवघड झाली. पैसा कामाच्या प्रगतीनुसारच खात्यातून निघणार, म्हणजे मजला लवकर चढला तरच पैसा लवकर फिरणार. शिवाय ताबा दिल्यावर पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. ही पाच वर्षं मला 70 टक्क्यांपेक्षा महत्त्वाची वाटतात, कारण घाईची किंमत त्यांच्यातच वसूल होते. काँक्रिटचा ठोकळा आजही 28 दिवसांनीच पूर्ण तपासला जातो आणि पाणी मारायचे दिवस कुठल्याही सॉफ्टवेअरनं रद्द केलेले नाहीत.

सरकारी कामांनी तर गेल्या काही वर्षांत उच्छाद मांडलाय, चांगल्या अर्थानं. समुद्र ओलांडणारा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला, 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पुरा झाला. मुंबईच्या किनारी रस्त्याचे बोगदे खोदणाऱ्या अजस्र यंत्राचं नाव ‘मावळा’. वरळीच्या बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्यांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या 2025 मध्ये मिळू लागल्या. त्या चाळी शंभर वर्षांपूर्वीच्या, त्याही काँक्रिटच्याच.

मग यात करिअर कुठे? सिव्हिलची पदवी घेतलेला मुलगा साइटवर उन्हात उभा राहायला नाखूश असतो. त्याला प्लॅनिंग हवं, बीआयएम (इमारतीचं संगणकावरचं मॉडेल) हवं, एसी केबिन हवी. त्या जागा आहेत. क्वांटिटी सर्व्हे, सेफ्टी, वीज-पाणी-वातानुकूलनाचा मेळ घालणारा कोऑर्डिनेटर, या कामांना मागणी आहे. पण ज्यानं सळई बांधताना कधी पाहिली नाही त्याचं बार बेंडिंग शेड्यूल फिटर हसत हसत बाजूला ठेवतो. पहिली दोन वर्षं साइटवर काढा, एवढंच मी ओळखीच्या पोरांना सांगतो. फार कुणी ऐकत नाही.

खरा तुटवडा आहे तो मिस्त्रीचा. मायवाननं विटांच्या गवंड्याचं काम खाल्लं, पण पाणसळीत फरशी बसवणारा, पाणी न गळणारं टॉयलेट करणारा हात दुर्मिळच राहिला. इस्राएलनं 2024 मध्ये भारतातून कामगार नेले ते सेंटरिंग, सळई, प्लास्टर आणि टाइल्स या चार कामांसाठी, तेही हाताचं काम करून घेऊन, परीक्षा पाहून. आपल्याकडे तीच कला बापाकडून, काकाकडून, नाहीतर शिव्या खात शिकायची. बाई तर आयुष्यभर घमेलंच उचलते. थापी तिच्या हातात क्वचितच येते.

आणि धंदा? बिगारी ते मिस्त्री, मिस्त्री ते लेबर काँट्रॅक्टर ही शिडी अजून शाबूत आहे. लातूर-नांदेडकडून किंवा विजापूरकडून आलेली कितीतरी माणसं तिच्यावरून चढली. पडतात ती त्यापुढच्या पायरीवर. काम वाढतं, तशी उचल द्यावी लागणारी माणसं वाढतात. आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं चालू बिल, मात्र महिन्याचं तीन महिन्यांनी निघतं, त्यातूनही हमीपोटीचं रिटेंशन कापलेलं. नफा कागदावर आणि शनिवारचा पगार व्याजानं, अशी गत होते. मोठ्यांचीही सुटका नाही: 2025 मध्ये थकलेल्या सरकारी बिलांसाठी राज्यातले कंत्राटदार रस्त्यावर उतरले होते. या धंद्यात बुडणारे बहुतेक जण कामाअभावी बुडत नाहीत, झालेल्या कामाचे पैसे न आल्यामुळे बुडतात.

सकाळी साडेआठला कुठल्याही मजूर अड्ड्यावर जा. बादलीत थापी, पिशवीत डबा. दहापर्यंत नेलं नाही तर खाडा. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो, त्यातून कामगार मंडळ चालतं, मुलांना शिष्यवृत्ती मिळते, भांड्यांचा संचही मिळतो. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. अड्ड्यावरचा माणूस नव्वद दिवसांत तीस-चाळीस मालकांकडे जातो. कुणाकडे बाथरूमची फरशी, कुणाकडे गच्चीचा कोबा. दाखल्यावर सही कुणाची घ्यायची, हे तो हातातली बादली खाली ठेवून मलाच विचारतो.