ब्रेकची नळी घरी बनविताना

सोलापूरहून चादरी-टॉवेलचे गठ्ठे भरून वैरागला येणारा टेम्पो ओझ्याने दबलेला असतो. अशा वेळी ब्रेकची नळी फुटली तर पेडल थेट तळाला जाते. जुन्या गाडीत एकच सर्किट असेल, तर चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून हे काम व्यापारी बांधवांनीही समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

पोलादी नळी चिखल साचतो तिथे, क्लिपेखाली गंजते. बदली म्हणून काही जण फ्रिजची तांब्याची नळी टाकतात. स्वस्त पडते, वाकतेही छान. पण हादऱ्यांनी तांबे कडक होऊन तडकते. आम्ही तरी तांबे-निकेलचीच नळी घेतो. ती गंजत नाही आणि हाताने वळते. बहुतेक हलक्या गाड्यांना ४.७५ मिलिमीटर, म्हणजे ३/१६ इंचाची नळी लागते. जुनी नळी दुकानात सोबत नेऊन नटाचे आटे जुळवावेत.

खरे कसब तोंड फुलविण्यात. नळी कटरने सरळ कापावी, कड साफ करावी आणि नट आधी ओवावा (हे विसरून मेहनत वाया घालविणारे थोडे नाहीत). तोंड दुहेरी फुलवावे, एकेरी चिरते. काही गाड्यांना बुडबुड्यासारखे तोंड लागते. तिथे दुसरे चालत नाही. पहिली नळी उस्तादाच्या नजरेखालीच करावी.

मग हवा काढावी, बहुधा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून. ऑईल सीलबंद डब्यातले हवे, कारण ते हवेतील ओल शोषते. शेवटी एकाने पेडल जोराने दाबून धरावे, दुसऱ्याने प्रत्येक जोड पाहावा. थेंब दिसला तर गठ्ठे चढवू नयेत.