मोजमापाची दुर्बीण

रायफलवर दुर्बीण बसवलेली दिसली की बहुतेकांना वाटते, ही लांबचे जवळ दाखवण्यासाठी आहे. दुकानातही पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पट मोठे दिसते? माझ्या मते हा प्रश्न तिसरा-चौथा असायला हवा. रायफलचा स्कोप हे मुळात कोन मोजणारे यंत्र आहे. त्याचे खरे सगेसोयरे पक्षीनिरीक्षकाच्या गळ्यातल्या दुर्बिणीत सापडत नाहीत, जमीन मोजणाऱ्यांच्या थिओडोलाइटमध्ये सापडतात.

हे नाते थेट सतराव्या शतकात जाते. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याजवळचे भिंग अंतर्वक्र होते. त्या रचनेत नळीच्या आत कुठेही खरी प्रतिमा तयार होत नाही, त्यामुळे आत कितीही बारीक तार लावली तरी ती दूरच्या वस्तूबरोबर स्पष्ट दिसत नाही. १६११ साली केप्लरने दोन बहिर्वक्र भिंगांची रचना मांडली. तिच्यात वस्तू उलटी दिसते, पण नळीच्या पोटात एका जागी तिची खरी प्रतिमा पडते. त्या जागी काही ठेवले, तर ते आणि दूरची वस्तू दोन्ही एकदमच रेखीव दिसतात. हे इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या विल्यम गॅस्कॉइनच्या ध्यानात आले ते कोळ्यामुळे. १६४० च्या सुमारास त्याच्या दुर्बिणीत जाळ्याचा एक धागा नेमका त्या जागी आला होता. गॅस्कॉइनने त्यावरून फुलीची तार बसवली आणि स्क्रूने सरकणाऱ्या कडा लावून आकाशातली अंतरे मोजायचे साधन केले. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. आजच्या प्रत्येक स्कोपमध्ये त्याच्या दोन्ही गोष्टी आहेत, फुली आणि स्क्रू.

रायफलपर्यंत यायला मात्र या कल्पनेला दोनशे वर्षे लागली. अमेरिकेत जॉन चॅपमनने १८४० च्या दशकातल्या आपल्या पुस्तकात बंदूककार मॉर्गन जेम्सच्या साथीने घडलेल्या दुर्बिणीचे वर्णन केले. ती जवळजवळ बंदुकीच्या नळीइतकीच लांब होती. १८५५ पासून सिरॅक्यूज शहरात विल्यम माल्कम रंगदोष काढलेली भिंगे वापरून स्कोप करू लागला. याच काळातले एक नाव आपल्या बाजूचे आहे. डेव्हिड डेव्हिडसन हा स्कॉटिश अधिकारी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात होता. त्याने केलेला स्कोप रायफलच्या डोक्यावर न बसता डाव्या कुशीला बसे. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांकडे ज्या इंग्लिश व्हिटवर्थ रायफली होत्या, त्यांतल्या काहींवर हाच डेव्हिडसन स्कोप होता.

फुलीच्या तारेसाठी कोळ्याचा धागा पुढेही बराच काळ टिकला. तो बारीक असतो, ताणला जातो आणि त्याची जाडी सारखी असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅलिफोर्नियातल्या युकायपा गावी नॅन साँगर नावाच्या बाई ब्लॅक विडो कोळी पाळून त्यांचा धागा काढत आणि मोजमापाच्या उपकरणांसाठी पुरवत. नंतर धातूची तार आली, मग काचेवर कोरलेल्या रेघा. यालाच आता सगळे रेटिकल म्हणतात.

आता आत डोकावू. पुढचे मोठे भिंग नळीत उलटी प्रतिमा पाडते. मधल्या छोट्या नळीतली भिंगे ती सुलटी करतात आणि मागचे भिंग ती डोळ्याला मोठी करून दाखवते. ही मधली छोटी नळी स्कोपचा खरा प्राण आहे. ती एका बाजूने स्प्रिंगने दाबलेली असते आणि दुसऱ्या बाजूने दोन स्क्रू तिला ढकलतात, एक वर-खाली नेणारा, दुसरा डावी-उजवीकडे. बाहेरची गोल चकती फिरवली की ‘टक्’ असा आवाज होतो. तो एक क्लिक. बहुतेक स्कोपमध्ये एक क्लिक म्हणजे पाव मिनिट कोन. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मिनिट आणि शंभर मीटरवर त्याची रुंदी २.९ सेंटिमीटर भरते. म्हणजे एका क्लिकला नेम सुमारे सात मिलिमीटर सरकतो. मिल या दुसऱ्या कोनमापात हिशोब आणखी सोपा आहे: ०.१ मिलचा एक क्लिक शंभर मीटरवर बरोबर एक सेंटिमीटर.

बाहेर सात मिलिमीटर, पण आत? पुढच्या भिंगाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर धरले, तर त्या क्लिकला आतली प्रतिमा ०.०१५ मिलिमीटर एवढीच सरकायला हवी. माणसाच्या केसाच्या जाडीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी. तीही दर क्लिकला तेवढीच आणि प्रत्येक गोळीच्या धक्क्यानंतर जिथल्या तिथे. स्वस्त आणि चांगल्या स्कोपमधला फरक इथे पडतो. काच आजकाल स्वस्तातही बरी मिळते. इमानदार स्क्रू मिळत नाही.

तो तपासायची जुनी रीत आहे. रायफल पक्क्या टेकूवर ठेवून झाडलेल्या गोळीचे छिद्र पाहायचे. मग वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली, आणि प्रत्येक कोपऱ्यावर पुन्हा गोळ्या. कागदावर चौकोन उमटतो. शेवटच्या गोळ्या पहिल्या छिद्रापाशी परतल्या नाहीत तर तो स्कोप कितीही लखलखीत दिसो, परत करावा. अर्थात त्याआधी माउंटचे, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या दोन कड्यांचे, स्क्रू तपासून घ्यावेत. स्कोपला शिव्या खायला लावणारी निम्मी दुखणी त्या दोन कड्यांच्या ढिलेपणातून येतात, असे माझे मत आहे.

नवख्याला सर्वांत जास्त फसवतो तो पॅरॅलॅक्स. लक्ष्याची प्रतिमा आणि रेटिकल एकाच पातळीत नसले, तर डोळा किंचित हलला की फुली लक्ष्यावर तरंगते. रायफल स्थिर ठेवून फक्त डोके हलवून बघा, लगेच कळते. मोठ्या रायफलींचे अनेक साधे स्कोप कारखान्यात शंभर यार्डांसाठी जुळवलेले असतात. दहा मीटरवर एअर रायफल चालवणाऱ्याने असा स्कोप घेतला तर चित्र धूसर दिसते आणि फुलीही तरंगते. त्याला जवळच्या अंतरावर जुळणारी चकती असलेलाच स्कोप हवा. शिवाय स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो. तो सोसायला न बांधलेले चांगले स्कोपही त्याने खिळखिळे होतात.

उजेडाचे गणित थोडक्यात सांगतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, हा डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास. चाळीस मिलिमीटरच्या भिंगाला चार पटींवर तो दहा मिलिमीटर, दहा पटींवर चार. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते, म्हणजे संध्याकाळी पट वाढवला की चित्र काळवंडणारच. आणखी एक चोर होता: लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परतवतो. अशी आठ भिंगे ओळीने ठेवली तर सोळा पृष्ठभागांत जवळजवळ निम्मा उजेड गेला. १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलाने परावर्तन कमी करणारा पातळ लेप शोधला आणि ही गळती पुष्कळ कमी झाली. दमटपणाचा बंदोबस्त १९४७ मध्ये अमेरिकेतल्या ल्युपोल्ड कंपनीने केला, नळीतली हवा काढून नायट्रोजन भरून. ही कंपनी पोर्टलंडमध्ये १९०७ साली सुरू झाली ती भूमापनाची उपकरणे दुरुस्त करण्यासाठी. हा मला योगायोग वाटत नाही.

स्कोप नीट लागला की तो आणखी एक गोष्ट उघडी पाडतो: नेम तोच, टेकू तोच, तरी गोळ्या फाकतात. कारण काडतुसे एकसारखी नसतात. परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, काडतुसे स्वतः भरण्याची कला यातून वाढली. तिथल्या बाकावर हातदाबाचे प्रेस, काडतुसाचे पितळी कवच पूर्ववत आकारात आणणारे डाय, लांबी बघायला कॅलिपर, ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलणारा काटा आणि गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ असतो. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ०.०६५ ग्रॅम. फ्रेड हंटिंग्टनने १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेली आरसीबीएस कंपनी अशाच साधनांवर उभी राहिली. म्हणजे इथेही मोजमापच. आपल्याकडे काडतुसे करणे हे परवान्याचे काम आहे. खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांत ते होते आणि घरी करून बघण्याची ही गोष्ट नव्हे.

मग महाराष्ट्राचे नेमबाज स्कोप वापरतात का? स्पर्धेत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकले, दोघेही पन्नास मीटरच्या रायफल प्रकारांत. तिथे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते आणि रायफलवर मोठे करून दाखवणारी दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्र, पुढे कडे, बस्स. पण त्या छिद्राच्याही कुशीला क्लिकवाल्या चकत्या असतात, आणि वारा बदलला की नेमबाज बोटाने त्या मोजून फिरवतो. मोठेपण काढून टाकले तरी मोजमाप उरते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

स्कोप घ्यायचाच असेल तर पट कमी असला तरी चालेल, क्लिक खरे हवेत. माउंटवर कंजूषी करू नका. डोळा आणि भिंग यांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर मोठ्या रायफलीचा धक्का भुवई फोडतो. सूर्याकडे कधीही रोखू नका. आणि निव्वळ काही निरखायचे असेल, माणूस असो वा प्राणी, तर वेगळी दुर्बीण जवळ बाळगा. स्कोप जिकडे वळतो तिकडे बंदुकीची नळीही वळलेली असते.